अंडकोषात गाठ लागली? दुखत नसली तरी दाखवा

ध्वनिरेखा

मी रेडिऑलॉजिस्ट आहे. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी सोनोग्राफी करते. पोटाच्या आणि गरोदर बायकांच्या तपासण्या चालू असताना मधूनच अंडकोषाच्या सोनोग्राफीसाठी कुणीतरी येतं. या पेशंटांबाबत एक गोष्ट वर्षानुवर्षं तशीच दिसते, म्हणून हा धागा काढते आहे. ज्याला दुखतं तो लगेच येतो. ज्याला दुखत नाही तो सहा महिन्यांनी येतो, कधी वर्षाने. आणि मला ज्याची काळजी वाटते तो बहुतेक वेळा हा दुसराच असतो.

आधी नेहमीचं काय असतं ते सांगते. अंडकोषाच्या पिशवीत वृषण दोन, लंबगोल, गुळगुळीत, दाबल्यावर किंचित दबणारे. बहुतेकांचा डावा थोडा खाली असतो, आकारातही उन्नीस-बीस असतं. प्रत्येक वृषणाच्या मागच्या अंगाला वरून खाली गेलेली एक मऊ, जराशी खडबडीत पट्टी हाताला लागते. ती एपिडिडायमिस. शुक्राणू तिच्यात पक्व होतात. घाबरून आलेल्या कितीतरी मुलांनी हीच पट्टी गाठ समजून रोज चाचपलेली असते. तिच्यापासून वर जांघेकडे जाणारी टणक नळीही प्रत्येकाला असते.

तपासणीत मला पहिला प्रश्न एकच सोडवायचा असतो: गाठ वृषणाच्या आत आहे की बाहेर? बाहेरची असेल तर ती बहुतेक वेळा साधी निघते. आतली आणि भरीव असेल, तर ती कॅन्सरची नाही हे सिद्ध होईपर्यंत आम्ही ती कॅन्सरचीच धरून चालतो. हाताला हा फरक दर वेळी कळत नाही. सोनोग्राफीत जवळजवळ नेहमी कळतो. चिरफाड नाही, सुई नाही, क्ष-किरण नाहीत, पंधरा-वीस मिनिटांचं काम.

बाहेरच्यांत सगळ्यात जास्त दिसतं ते हायड्रोसील, म्हणजे वृषणाभोवतीच्या आवरणात साचलेलं पाणी. एक बाजू फुगते, जड वाटते, दुखत नाही. दुसरी एपिडिडायमिसमधली पाण्याची गाठ. वाटाण्याएवढी, वृषणापासून वेगळी लागणारी, बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास न देणारी. तिसरं व्हेरिकोसील, म्हणजे शिरा फुगणं. साधारण १०० पुरुषांत १५ जणांना असतं, आणि बहुतेक वेळा डावीकडे, कारण डाव्या वृषणाची शीर थेट खालच्या महाशिरेत न जाता किडनीच्या शिरेला काटकोनात मिळते. उभं राहिल्यावर गांडुळांची पुरचुंडी हातात आल्यासारखं लागतं, आडवं पडल्यावर ओसरतं. आडवं पडूनही ओसरलं नाही, फक्त उजवीकडेच असलं किंवा चाळिशीनंतर अचानक उपटलं, तर पोटाचीही सोनोग्राफी करून घ्यावी लागते. किडनीच्या गाठीने शीर दाबली गेली असू शकते. चौथा हर्निया. जांघेतून खाली उतरतो, खोकल्यावर वाढतो.

आता आतली गाठ. वृषणाचा कॅन्सर आपल्याकडे कमीच, वर्षाला लाख पुरुषांमागे एकाहूनही कमी. पण तो ज्या वयात होतो ते वय बघा: मुख्यत्वे १५ ते ४०. कॉलेज, भरती, नोकरी, लग्न, पहिलं मूल. या वयात अवघड जागेचं दुखणं कुणी कुणाला सांगत नाही, आणि इथे तर दुखणंही नसतं. एक कडक उंचवटा, किंवा सगळाच वृषण घट्ट आणि जड झालेला. कधी ओटीपोटात बोथट ठसठस. काही जणांची छाती बायकांसारखी वाढते, कारण काही गाठी संप्रेरकं तयार करतात. पसरला असेल तर कंबरेत आत कुठेतरी दुखतं, कारण वृषणाच्या लसिकावाहिन्या (लसिका हा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) पोटात मागच्या बाजूला, किडनीच्या पातळीवरच्या लसिकाग्रंथींपर्यंत जातात.

आणि तरीही हा सगळ्यात जास्त बरा होणाऱ्या कॅन्सरांपैकी एक आहे. वृषणापुरता असताना पकडला तर जवळजवळ सगळे बरे होतात. पसरल्यावरही बहुसंख्य बरे होतात, फक्त उपचार लांबतात आणि अंगावर जास्त येतात. १९७० च्या आधी पसरलेल्या रोगात अशी आशा नव्हती. १९७४ मध्ये अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिसप्लॅटिन हे औषध इतर औषधांसोबत वापरायला सुरुवात केली आणि चित्र पालटलं. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगला १९९६ मध्ये निदान झालं तेव्हा रोग फुप्फुसात आणि मेंदूत गेलेला होता. तोही बरा झाला.

दुखणाऱ्यांतलं एक मात्र असं आहे की तिथे तास मोजावे लागतात: वृषणाला पीळ पडणं. अचानक, झोपेतून उठवणारी कळ, उलटी, एक वृषण वर ओढला गेलेला. रक्तपुरवठा तुटलेला असतो. सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर वृषण बहुधा वाचतो, पुढे प्रत्येक तासाला शक्यता घटत जाते. मुख्यतः १२ ते १८ वयाची मुलं. अशा वेळी सकाळची ओपीडी उघडायची वाट बघायची नाही.

प्रश्न विचारा. जमेल तसं उत्तर देईन. इथे कुणाचं निदान करणार नाही, ते लिखाणावरून होतही नाही.

चंद्रपूरकर

ताई, फार गरजेचा धागा. आमच्या पूर्व विदर्भातली एक भर घालतो. मी आरोग्य विभागात हिवताप-हत्तीरोगाच्या कामात होतो, आता निवृत्त. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर या पट्ट्यात हायड्रोसील म्हटलं की हत्तीरोगाचा विचार करावाच लागतो. क्युलेक्स डास चावतो, त्याच्यातून जंत शरीरात जातो, लसिकावाहिन्यांत घर करतो, आणि वर्षांनी पाय सुजतो नाहीतर अंडकोषात पाणी साचतं. जंताची पिल्लं रक्तात रात्री फिरतात, म्हणून आमची पथकं रात्री साडेआठनंतर दारोदार रक्त घ्यायला जायची. लोक चिडायचे, पण दिवसा घेतलेल्या रक्तात जंत सापडत नाही.

लोकांना वाटतं पाय सुजला तरच हत्तीरोग. गावात धोतर-लुंगीआड फुगलेला अंडकोष घेऊन वीस वीस वर्षं शेतात राबणारी माणसं मी पाहिली आहेत. सायकलवर बसता येत नाही, लग्नसमारंभाला जात नाहीत. हायड्रोसीलचं ऑपरेशन सरकारी रुग्णालयात मोफत होतं. आशाताईंकडे याद्या असतात. फक्त तोंड उघडून सांगावं लागतं. आणि गावात सामुदायिक औषध खाऊ घालायला येतात तेव्हा गोळ्या खिशात टाकू नका, समोरच गिळा.

पहाटफेरी

मी २१ वर्षांचा आहे, पोलिस भरतीची तयारी करतो, सैन्यातही प्रयत्न चालू आहे. अकादमीतल्या सरांनी सांगितलं की मेडिकलला कपडे काढून तपासतात आणि व्हेरिकोसील किंवा हायड्रोसील सापडलं तर अनफिट करतात. त्यामुळे मी पहिल्यांदाच नीट बघितलं. डावीकडे धावून आल्यावर शिरा फुगल्यासारख्या लागतात. दुखत नाही. अकादमीतली काही पोरं एका लॉजवर येणाऱ्या वैद्याकडून लेप घेतात. काय करावं?

ध्वनिरेखा

@पहाटफेरी, तुमच्या सरांनी बरोबर सांगितलं. भरतीमुळे तरी मुलं स्वतःकडे बघतात, हे मला चांगलंच वाटतं. तुमचं वर्णन व्हेरिकोसीलकडे जातं, पण सर्जनने उभं करून तपासायला हवं आणि डॉपलर (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी) सोनोग्राफी व्हायला हवी. लेपाने फुगलेली शीर आत जात नाही. शिरेच्या आतल्या झडपा निकामी झालेल्या असतात, तिथपर्यंत कुठलाही लेप पोचत नाही. वर त्या कोवळ्या कातडीला भाजतं ते वेगळंच. भरतीसाठी ऑपरेशन करायचं ठरलं तर मेडिकलच्या बरंच आधी करा. जखम भरून सराव पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो. एरवी दुखत नसेल, वृषणाची वाढ नीट असेल आणि मूल होण्यात अडचण नसेल तर व्हेरिकोसीलला हात लावायची गरज बहुतेकांना पडत नाही.

नवाआयडी_२२

फक्त हे विचारायला खातं उघडलं. वय २२, पुण्यात हॉस्टेलवर राहतो. उजव्या बाजूला एक कडक गाठ आहे, पुढच्या बाजूला. दिवाळीच्या आधीपासून आहे. क्रिकेट खेळताना बॉल लागला होता, त्याची असेल असं वाटून सोडून दिलं. दुखत नाही अजिबात. घरी सांगू शकत नाही. वडील चिडतील, आई रडेल. एवढं वाचून छातीत धडधडतंय.

ध्वनिरेखा

@नवाआयडी_२२, लिहिलंस ते फार बरं केलंस. गाठ कसली आहे ते मला इथून सांगता येत नाही. पण पुढच्या बाजूची, कडक, न दुखणारी आणि महिने झाले तरी न गेलेली गाठ असेल तर सोनोग्राफी याच आठवड्यात व्हायला हवी. परीक्षा असली तरी.

चेंडूबद्दल. मार लागून कॅन्सर होत नाही. होतं काय, की मार लागल्यामुळे माणूस पहिल्यांदा तिथे हात लावून बघतो आणि आधीपासून असलेली गाठ सापडते. मग सगळा दोष चेंडूवर जातो आणि वाट बघणं सुरू होतं. मार लागून रक्त साकळलं असेल तर ते काही आठवड्यांत कमी होत जायला हवं. तुझं कमी झालेलं नाही.

घरी लगेच सांगायलाच हवं असं नाही. तू सज्ञान आहेस. एखादा मित्र सोबत ने. जनरल सर्जन किंवा यूरोलॉजिस्टकडे जा, 'उजव्या वृषणात गाठ आहे, महिने झाले' एवढं एक वाक्य पुरे. त्यांना यात नवीन काही नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतेय.

मुक्ताई७

@नवाआयडी_२२ साठी लिहिते आहे. हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. माझ्या नवऱ्याला तिशीच्या आत सेमिनोमा, म्हणजे वृषणाच्या कॅन्सरचा एक प्रकार, झाला होता, लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. त्याच्याही गाठीला दुखत नव्हतं. ती माझ्या लक्षात आली आणि मी हट्टच धरला.

सोनोग्राफी झाली, मग रक्ताच्या तीन तपासण्या: एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच. अशा गाठींत रक्तात वाढू शकणारे हे पदार्थ. मग परळला टाटा हॉस्पिटल. तिथल्या गर्दीने मी पहिल्या दिवशी हादरले होते. पण डॉक्टरांनी समोर बसवून कागदावर चित्र काढून सांगितलं. ऑपरेशन जांघेतून झालं. त्याआधी त्यांनी स्वतःहूनच वीर्य गोठवून ठेवायचं सुचवलं. आम्ही लाजेने विचारलंच नसतं. पुढे केमो लागली नाही, ठरावीक काळाने सीटी स्कॅन आणि रक्त तपासणी, बास. आमची मुलगी आता शाळेत जाते, आणि गोठवलेल्याची गरजही पडली नाही.

सगळ्यांच्या मनात असतं ते सांगून टाकते. एका वृषणावर संसार होतो. मूलही होतं. दाढी, आवाज, ताकद, इच्छा, सगळं तसंच राहतं, कारण उरलेला वृषण पुरेसं टेस्टोस्टेरॉन बनवतो. नवरा त्या काळात गप्प गप्प झाला होता, त्याला वाटायचं आपण पुरुष राहिलो नाही. सासूबाई त्याच्या शेजारी बसून म्हणाल्या, "तू माझ्यासमोर आहेस, मला आणखी काही नको." त्यानंतर तो जेवायला लागला. बाळा, तू आईला सांग. रडेल, पण सोबत येईल.

एरंडोली

सगळं पटतंय, पण एक बाजू मांडतो. आमच्या आजोबांच्या अंडवृद्धीवर आजी एरंडाचं पान गरम करून बांधायची आणि लंगोट घालायला लावायची. आराम पडायचा. हल्ली प्रत्येक गोष्टीला सोनोग्राफी आणि ऑपरेशन. उष्णतेने सूज येते, थंड दिलं की उतरते, असं आमचं वडिलोपार्जित ज्ञान सांगतं. सगळंच खोटं का?

ध्वनिरेखा

@एरंडोली, आजींनी केलं ते प्रेमाने केलं, आणि आराम पडला हेही खरं असणार. लंगोटाने आधार मिळतो, ओढ कमी होते. आम्हीही सूज असलेल्यांना घट्ट चड्डी वापरायला सांगतोच. वयस्कर माणसाला लहानसं हायड्रोसील असेल आणि सोनोग्राफीत आतला वृषण व्यवस्थित दिसला असेल, तर काहीच न करता राहिलं तरी चालतं.

माझी अडचण तरुणाच्या बाबतीत आहे. वृषणात गाठ असली की कधी कधी तिच्याभोवती पाणी साचतं. वरून हाताला फक्त पाणी लागतं, गाठ त्याच्या आड दडते. पंचवीस वर्षांच्या मुलाला असं पान बांधून ठेवलं तर सूज तेवढीच राहील आणि आत काय चाललंय ते कळणार नाही. एकदा सोनोग्राफी करून आत बघून घ्या, मग आधाराला लंगोट खुशाल बांधा.

शस्त्रकर्म

मी जनरल सर्जन. ध्वनिरेखा मॅडमनी जवळपास सगळं सांगितलं आहे, पण एका गोष्टीवर मला जोर द्यायचा आहे, कारण तिथे झालेलं नुकसान भरून काढणं अवघड जातं. वृषणातल्या संशयित गाठीत सुई घालायची नाही. मानेतल्या, छातीतल्या गाठीचा सुईने तुकडा घेतात, तसा इथे घ्यायचा नाही. अंडकोषाच्या कातडीवर छेद घेऊनही काढायची नाही. वृषणाची लसिका पोटातल्या लसिकाग्रंथींकडे जाते, तर अंडकोषाच्या कातडीची जांघेतल्या लसिकाग्रंथींकडे. कातडीतून सुई किंवा सुरी घातली की रोगाला दुसरी वाट मोकळी होते. म्हणून जांघेत छेद घेऊन, वरची नळी आधी बांधून, वृषण अख्खा बाहेर काढतात आणि मग तो तपासणीला जातो. इथे निदान आणि पहिला उपचार एकाच ऑपरेशनात होतो. हवा असेल तर त्या जागी सिलिकॉनचा कृत्रिम वृषणही बसवता येतो.

कुणी 'पाणी सुईने काढून टाकू, दोन मिनिटांचं काम' म्हणालं तर आधी सोनोग्राफीचा रिपोर्ट मागा. साध्या हायड्रोसीलमध्येही सुईने काढलेलं पाणी बहुधा परत भरतं, आणि जंतुसंसर्गाची भीती असते ती वेगळी.

ऑपरेशनआधी रक्तातले मार्कर, म्हणजे मुक्ताईंनी सांगितलेल्या त्या तीन तपासण्या, घ्यायला विसरू देऊ नका. नंतर ते ठरलेल्या वेगाने उतरतात का हे बघूनच कुठे काही उरलंय का ते कळतं. बीटा एचसीजी दर दीड दिवसात निम्मं व्हायला हवं, एएफपी पाच ते सात दिवसांत. आधीचा आकडाच नसेल तर उतरलं किती ते कशावरून ठरवणार? मार्कर नॉर्मल आले म्हणून गाठ साधी, असं मात्र समजू नका. बऱ्याच सेमिनोमात ते नॉर्मलच असतात.

शिट्टी_आणि_मैदान

मी आश्रमशाळेत क्रीडाशिक्षक आहे, वसतिगृहाचीही जबाबदारी असते. पीळ पडण्याबद्दल वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडच्या आठवीतल्या एका मुलाने पहाटे 'पोटात दुखतंय' म्हणून सांगितलं. उलटी झाली होती, म्हणून जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे पोट तपासून ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं. चड्डी उतरवून कुणी बघितलंच नाही, आणि पोरगं लाजेने बोललं नाही. दुपारी चालता येईना तेव्हा जिल्ह्याला नेलं. वृषण काळा पडलेला होता, काढावा लागला. मूल आता ठणठणीत आहे, कबड्डी खेळतं. पण तेव्हापासून माझ्या वसतिगृहात नियम आहे: मुलाने पोटदुखी सांगितली की मी एकट्यात घेऊन सरळ विचारतो, 'खाली दुखतंय का?' आणि पालकसभेत वडिलांनाही हाच प्रश्न विचारायला शिकवतो.

शस्त्रकर्म

सर, तुमचा नियम प्रत्येक वसतिगृहात लागू व्हायला हवा. १२ ते १८ वयाच्या मुलाची पोटदुखी अंडकोष बघितल्याशिवाय तपासून पूर्ण होत नाही. ज्या चेतापेशी पोटाला त्याच वृषणालाही, म्हणून कळ पोटात जाणवते. मूल खोटं बोलत नसतं. तपासणीत पिळाचा दाट संशय असेल तर आम्ही सोनोग्राफीसाठीही थांबत नाही, सरळ ऑपरेशन थिएटरमध्ये घेतो. आणि दुसऱ्या बाजूचा वृषणही टाके घालून पक्का करतो, कारण जी ठेवण एका बाजूला सैल असते ती बहुधा दुसरीकडेही असते. कळ येऊन आपोआप थांबली तरी दाखवाच. पीळ पडून सुटलेला असू शकतो आणि तो परत पडतो.

अवनी_अद्वैतची_आई

माझं बाळ दहा महिन्यांचं आहे. एक बाजू रिकामी लागते. घरातले म्हणतात आपोआप उतरेल, काकांचंही उशिरा उतरलं होतं. किती थांबू?

ध्वनिरेखा

ताई, आता थांबू नका. उतरायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या सहा महिन्यांतच उतरतो, त्यानंतर आपोआप उतरण्याची शक्यता फार कमी. ऑपरेशन साधारण वर्षाच्या आसपास, उशिरात उशिरा दीड वर्षापर्यंत व्हावं असं सांगतात. लहान मुलांच्या सर्जनना दाखवा. न उतरलेल्या वृषणात पुढे कॅन्सरची शक्यता वाढते आणि मूल होण्यातही अडचण येऊ शकते. लवकर खाली आणल्याने दोन्ही धोके कमी होतात, शिवाय मोठेपणी त्याला स्वतःला तपासता येतं. हे बालपणीचं ऑपरेशन त्याला मोठेपणी आठवणीने सांगा. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी तरुणांना आपलं असं काही झालं होतं हेच माहीत नसतं, व्रण बघून मी विचारते तेव्हा ते आईला फोन लावतात.

थेम्सकाठी

इथे इंग्लंडमध्ये मुलाच्या शाळेत दर महिन्याला स्वतः तपासायची पत्रकं वाटतात, जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, गेलं की संशयित कॅन्सरच्या यादीत घालून लवकर सोनोग्राफी होते. आपल्याकडेही दर महिन्याची सक्तीची तपासणी शाळेतून शिकवायला हवी असं वाटतं.

ध्वनिरेखा

शिकवायला हवं, हे शंभर टक्के मान्य. सक्तीबद्दल मात्र माझं मत जरा वेगळं आहे. उत्तर युरोपातल्या गोऱ्या लोकांत हा कॅन्सर आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. आणि लक्षणं नसलेल्या मुला-पुरुषांची सरसकट तपासणी करू नये, असं अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा मंडळानेही २०११ मध्ये सांगितलं, कारण त्याने जीव वाचतात असा पुरावा नाही आणि नाहक घबराट होते. ती घबराट मी बघते. रोज दहा वेळा दाबून दाबून दुखवून घेतलेली मुलं येतात.

मला एवढंच हवंय की प्रत्येक मुलाला स्वतःचं नेहमीचं कसं लागतं ते माहीत असावं. गरम पाण्याने आंघोळ करताना, कातडी सैल असते तेव्हा, अंगठा आणि बोटांमध्ये हलकेच फिरवून बघा, एकेक बाजू. काही बदललेलं वाटलं की दाखवा. ज्यांचा वृषण लहानपणी उतरला नव्हता, ज्यांच्या वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर झाला आहे, किंवा ज्यांना स्वतःला एका बाजूला होऊन गेला आहे, त्यांनी मात्र नियमाने बघावं.

रिपोर्टवाचक

मूल होत नाही म्हणून सोनोग्राफी केली, त्यात 'टेस्टिक्युलर मायक्रोलिथियासिस' लिहिलंय. इंटरनेटवर वाचलं तर कॅन्सर कॅन्सर. झोप उडालीय. शिवाय व्हॉट्सॲपवर आलंय की गरोदरपणाच्या किटवर पुरुषाने तपासलं की वृषणाचा कॅन्सर कळतो. करू का?

ध्वनिरेखा

मायक्रोलिथियासिस म्हणजे वृषणात चुन्याचे बारीक ठिपके. गाठ नसेल आणि वर सांगितलेल्यांपैकी कुठला धोका नसेल तर फक्त ठिपक्यांसाठी परत परत सोनोग्राफी करायची गरज नाही. अधूनमधून स्वतः तपासा, एवढं पुरे. पण मूल न होणं आणि वृषण लहान असणं या गोष्टी सोबत असतील तर तुमच्या यूरोलॉजिस्टशी पुढच्या तपासण्यांबद्दल बोला, ते तुमचा पूर्वेतिहास बघून ठरवतील.

किटचं म्हणाल तर करू नका. ते बीटा एचसीजी पकडतं आणि काही गाठी ते बनवतात, एवढ्यापुरतं खरं आहे. पण कित्येक गाठी बनवतच नाहीत. एक रेघ आली म्हणून निर्धास्त झालेला माणूस आणखी चार महिने घरी बसेल, मला त्याची भीती वाटते.

काळीमाती

बाबा ६४ वर्षांचे, मधुमेह आहे. उजवी बाजू सुजली, लाल झाली, ताप होता. जवळच्या डॉक्टरांनी ॲन्टिबायोटिक दिलं. ताप गेला, दुखणं गेलं, पण आत कडकपणा राहिलाय. गोळ्या संपल्या. आता काय?

शस्त्रकर्म

दादा, जंतुसंसर्गाची सूज पूर्ण ओसरायला कधी कधी काही आठवडे जातात. पण कडकपणा राहिला असेल तर पुन्हा तपासणी आणि सोनोग्राफी हवीच. दोन गोष्टी डोक्यात येतात. आपल्याकडे क्षयरोग एपिडिडायमिसमध्येही होतो. तिथे गाठी कडक राहतात, कधी कातडीला छिद्र पडून पू येतो, आणि नेहमीच्या ॲन्टिबायोटिकने तो हटत नाही. दुसरं, साठीनंतर वृषणात लिम्फोमा (लसिका-पेशींचा कॅन्सर) होऊ शकतो. त्यामुळे 'हा तरुणांचा आजार' म्हणून वयस्कांना सोडून देऊ नका.

मधुमेह असल्यामुळे आणखी एक. अंडकोषाची किंवा त्यामागची कातडी काळी-निळी पडायला लागली, फोड आले, दुर्गंधी आली, किंवा दिसतंय त्याच्या मानाने दुखणं फारच जास्त असलं तर त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात न्या. हा संसर्ग कातडीखाली झपाट्याने पसरतो आणि जीवावर बेततो. साखर आजच तपासा.

नवाआयडी_२२

मित्रासोबत जाऊन आलो. सर्जननी तपासलं, फार शांतपणे बोलले. उद्या सोनोग्राफी आहे, रक्ताच्या तीन तपासण्या आजच दिल्या. आईला फोन केला. ती रात्रीच्या गाडीने निघतेय, बाबाही येतायत. ध्वनिरेखा मॅडम, रिपोर्टमध्ये काय बघू?

ध्वनिरेखा

आई-बाबा येतायत हे वाचून फार बरं वाटलं. रिपोर्टमध्ये दोन शब्द शोध: गाठ 'इंट्राटेस्टिक्युलर' म्हणजे आत आहे की 'एक्स्ट्राटेस्टिक्युलर' म्हणजे बाहेर, आणि ती 'सॉलिड' म्हणजे भरीव आहे की 'सिस्टिक' म्हणजे पाण्याची. रिपोर्ट घेऊन त्याच दिवशी सर्जनकडे परत जा, फाईल हॉस्टेलवर ठेवू नकोस. आत आणि भरीव असं आलं तर तीन गोष्टी विचार: मार्करचा निकाल काय, ऑपरेशन जांघेतूनच आहे ना, आणि त्याआधी वीर्य गोठवायची सोय कुठे आहे. बाहेरची, पाण्याची आली तर घरच्यांसोबत जेवून घे आणि सर्जन सांगतील तेव्हा पुन्हा दाखव.

दगडूची_वहिनी

खाजगीत जायची ऐपत नसलेल्यांनी नेमकं कुठे जायचं? आमच्या दिरांना तालुक्याला त्वचारोगाच्या खिडकीवर पाठवलं होतं, तिथून ते लाजून परत आले.

शस्त्रकर्म

वहिनी, केसपेपर काढताना 'सर्जरी ओपीडी' म्हणा. कारण विचारलं तर 'जांघेत सूज आहे' एवढं पुरतं, बाकीचं आत डॉक्टरांना सांगायचं. उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात सर्जन असतात, नाहीतर जवळचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. अंडकोषाची सोनोग्राफी तिथेही होते. गर्दी असते म्हणून सकाळी लवकर पोचा. कॅन्सर निघाला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया आणि केमो बसते. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, कागदांचं तोच बघतो. दिरांना एकटं पाठवू नका, घरातला एखादा पुरुष सोबत द्या. आणि अचानक कळ आली असेल तर ओपीडी नाही, केसपेपरची रांग नाही, सरळ अपघात विभागात जा किंवा १०८ ला फोन लावा.